आईवरचा आळ आणि डोक्याचा फोटो

बचत गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज झालं की घरचे विषय निघतातच. कुणाचा मुलगा एकटाच बोलतो, कुणाच्या जावेला नसलेले आवाज ऐकू येतात. डॉक्टर त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, पुस्तकात छिन्नमनस्कता. आणि लोक म्हणतात, आईनं नीट वाढवलं नाही.

हे काही आपल्याच गावचं बोलणं नव्हे. 1948 मध्ये अमेरिकेतल्या फ्रीडा फ्रॉम-राइशमान या डॉक्टरबाईंनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' अशा अर्थाचा शब्द लिहिला. तिकडच्या आयांनी तो कित्येक वर्षं ऐकून घेतला. बाईनंच बाईला लावलेला बोल, दुसरं काय!

जिवंत माणसाचा मेंदू बघायचा कसा, ही खरी अडचण होती. 1927 मध्ये जर्मनीत याकोबी आणि विंकलर यांनी रुग्णांच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं, हवा भरली आणि डोक्याचे एक्स-रे घेतले. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. पण त्यानं डोकं इतकं ठणकायचं, की तुलनेसाठी धडधाकट माणसावर हे करणार कोण?

मग इंग्लंडच्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी सीटी स्कॅन बनवला. 1971 च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये त्यात पहिल्यांदा रुग्णाचं डोकं तपासलं. ती रुग्ण एक बाईच होती. 1976 मध्ये नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टोन, टिम क्रो आणि सोबत्यांनी स्किझोफ्रेनियाचे 17 जुने रुग्ण तपासले. सुई नाही, हवा नाही, आणि पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या.

आम्हाला सगळ्यात पटला तो 1990 चा अमेरिकेतला अभ्यास. एकसारख्या जुळ्यांच्या 15 जोड्या. एकाच पोटातले, एकसारख्या रक्ताचे, पण एक आजारी आणि एक बरा. एमआरआयचे फोटो समोर ठेवले तर 15 पैकी 12 जोड्यांत आजारी कोण, हे नुसतं बघून ओळखता आलं. आता सांगा, वाढवण्यातच खोट होती, तर दुसरं लेकरू बरं कसं राहिलं?

पण एक ध्यानात घ्या. हा फरक पुष्कळ माणसांची तुलना केल्यावर दिसतो. एकट्या माणसाच्या फोटोवरून हा आजार आजही ठरवता येत नाही. डॉक्टर स्कॅन सांगतात ते गाठ वगैरे दुसरं काही नाही ना, हे बघायला. तेव्हा रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून पोरगा नाटक करतोय असं समजू नका, आणि गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. निदान होतं ते बोलून, विचारून. झोप कधीपासून उडाली, जेवण कसं आहे, कुणाशी बोलतो का, हे डॉक्टर घरच्यांना विचारतात, आणि बहुतेक वेळा ते सांगायला आईच सोबत गेलेली असते.