परागंदा

आमच्या वंशावळीत एक फांदी मध्येच संपते. आजोबांचे थोरले चुलते पहिल्या महायुद्धात काटेवाडीहून पलटणीत गेले, ते परत आलेच नाहीत. घरात ‘बसऱ्याला गेले’ एवढंच सांगत. जमिनीच्या जुन्या फेरफारात मात्र ‘परागंदा’ असा शेरा मारून त्यांचं नाव कमी केलेलं आहे. त्या एका शब्दावरून भावकीत ‘पळून गेला’ असं बोललं जाई. त्यांच्या पत्नीनं शेवटपर्यंत कुंकू लावलं.

कॉम्प्युटरवाली मुलगी जुन्या कागदांत कशी शिरली, असं वर्गातले बरेच जण विचारतात. म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

‘बसरा’ म्हणजे तेव्हाचा मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिथे सहावी पुणे डिव्हिजन लढत होती आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कूट या गावी तुर्की फौजेनं या डिव्हिजनला वेढा घातला. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, अन्न संपल्यामुळे शरण जावं लागलं. सुमारे १३,००० जण कैद झाले. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं. अनेक हिंदी शिपायांना पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. त्या वाटेवर कोण कुठे पडला, हे गावाकडे कळणार कसं?

ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. पण त्याच्या भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या शिपायांचा फक्त आकडा. युद्धस्मारकांचं काम पाहणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य करून माफी मागितली. आयोगाच्या संकेतस्थळावर आता नावानं शोध घेता येतो.

हा शोध घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, बारामती ज्या तालुक्याचं ठाणं होतं त्याचं नाव तेव्हा ‘भीमथडी’ होतं. त्यामुळे जुन्या नोंदींत गाव, मग भीमथडी, मग पुणे असा पत्ता असू शकतो. दुसरी म्हणजे, साहेबानं कानाला ऐकू आलं तसं नाव लिहिलं आणि आडनाव पुष्कळदा गाळलं. एका नावाची इंग्रजीतली सगळी संभाव्य रूपं काढून देणारा छोटासा प्रोग्राम मी लिहिला. नावं जुळतात, पण बापाचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय तो माणूस आपला म्हणता येत नाही. तसा जुळणारा माणूस मला अजून मिळालेला नाही.

घरच्या बाजूनंही वाटा आहेत. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सहा-क म्हणजे वारस नोंदी आणि चौदा म्हणजे जन्म-मृत्यू. जुने कागद बरेचदा मोडीत असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे असे कितीतरी दस्त बाहेर आले आणि मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा मान मिळाला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्याही पाहाव्यात. हरवलेल्या माणसाच्या नावानं पिंडदान झालेलं असेल, तर घरी त्याच्या मृत्यूची खबर पोचली होती, असा अंदाज बांधता येतो.

एवढे कागद चाळल्यावर एक गोष्ट मला पटली आहे. ‘परागंदा’ म्हणजे पत्ता नाही, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ. महसुलाला जमीन कुणाच्या नावावर लावायची हे ठरवायचं होतं, माणसाचं काय झालं हे नव्हे. एका दप्तरानं त्यांचं नाव कमी केलं, दुसऱ्यानं कदाचित आकड्यात बुडवलं. त्यावरून ते पळून गेले असं ठरत नाही. आमच्या वंशावळीत मी त्यांच्या नावापुढे आता ‘बसऱ्याच्या लढाईस गेले, पुढील माहिती नाही’ असं लिहिलं आहे.

मित्रमैत्रिणींनो, बारामती-इंदापूर भागातल्या आपल्या घरांत जुन्या ट्रंका अजून असतील. त्यात एखादं चांदीचं युद्धपदक सापडलं, तर मोडीत घालण्याआधी त्याची कड भिंगाखाली धरा. शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते.