हेत्वाभास

हेतूप्रमाणे भासणारा, परंतु साध्य सिद्ध करण्यास असमर्थ असा अनुमानातील सदोष हेतू. भारतीय तर्कशास्त्रात हेत्वाभासांचा विचार वादपद्धतीच्या अनुषंगाने सुरू झाला. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थांमध्ये त्यांची गणना असून वादातील पराभवाच्या बावीस निग्रहस्थानांतही त्यांचा अंतर्भाव आहे. सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम व कालातीत हे गौतमाने सांगितलेले पाच प्रकार होत.

बौद्ध आचार्य दिङ्नाग (सु. ४८०–५४०) याने हेतूच्या तीन अटींवर हेत्वाभासांची मांडणी केली. हेतू पक्षात असावा, सपक्षात आढळावा व विपक्षात नसावा. पहिल्या अटीच्या भंगाने असिद्ध, केवळ तिसरीच्या भंगाने अनैकांतिक आणि दुसरी व तिसरी या दोहोंच्या भंगाने विरुद्ध हेत्वाभास होतो. उदा., अग्नी आहे म्हणून पर्वतावर धूर आहे, हे अनुमान अनैकांतिक होय. कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो.

निर्दोष व सदोष हेतू हा भेद व्याप्तीवर, म्हणजे हेतू व साध्य यांच्या अव्यभिचारी साहचर्यावर आधारलेला आहे. चार्वाकांचा आक्षेप या मूळ गृहीतकावरच होता : पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांविषयी निश्चय होत नाही आणि व्याप्ती अनुमानाने सिद्ध करू गेल्यास अनवस्था ओढवते. उदयनाने (दहावे-अकरावे शतक) न्यायकुसुमांजलीत उत्तर दिले, की अन्य देशी वा काळी व्यभिचार असेल, ही शंका घेण्यासाठीही ते देशकाल अनुमानानेच मानावे लागतात. शिवाय जेथे व्याघात उत्पन्न होतो, तेथे शंका थांबते. व्याघात स्वतःच शंकेवर अवलंबून असल्याने तो तिचे निवारण करू शकत नाही, असे प्रत्युत्तर श्रीहर्षाने (बारावे शतक) खंडनखंडखाद्यात दिले. गंगेशाने (चौदावे शतक) तत्त्वचिंतामणीत हा वाद आचरणाच्या पातळीवर नेला. धुरासाठी नेहमी अग्नी, तृप्तीसाठी अन्न व दुसऱ्यास बोध व्हावा म्हणून शब्द योजणाऱ्याने त्यांच्या कार्यकारणभावावर शंका घेतल्यास त्याच्याच कृतीशी विरोध येतो.

ॲरिस्टॉटलचा (इ. स. पू. ३८४–३२२) युक्तिवाद याच्याशी तुलनीय आहे. अव्याघाताचा नियम सिद्ध करता येत नाही. परंतु तो नाकारणाऱ्याने काही अर्थपूर्ण बोलताच तो त्याला मानावा लागतो, असे त्याने मेटॅफिजिक्समध्ये दाखविले आहे. दोन्ही परंपरांत तर्काचे आद्य गृहीतक सिद्ध केलेले नसून ते नाकारण्यातील विसंगती दाखविलेली आहे.