शत्रूनें लिहिलेलें चरित्र

रोम शहराबाहेर अ‍ॅपियन मार्गालगत जमिनीच्या पोटांत कॅलिक्स्टस याच्या नांवाची विस्तीर्ण दफनभूमि आहे. तिच्यांतील पोपांचें तळघर द रोस्सी या संशोधकानें १८५४ सालीं उघडकीस आणलें. तिसऱ्या शतकांतील अनेक पोप तेथें पुरले गेले. परंतु जिला ज्याचें नांव आहे, तो मात्र तेथें नाहीं.

इ. स. २१७ च्या सुमारास पोप झालेला हा पुरुष पूर्वी गुलाम होता. त्याची जी हकीकत आज उपलब्ध आहे, ती बहुतेक त्याच्या शत्रूच्या ग्रंथांतील. हा ग्रीक ग्रंथ १८४२ सालीं अ‍ॅथॉस पर्वतावरील मठांत सांपडला व १८५१ सालीं ऑक्सफर्ड येथें छापला गेला. त्याचा कर्ता हिप्पोलिटस नांवाचा रोममधील विद्वान धर्मोपदेशक होय, असें बहुतेक अभ्यासक मानतात.

हिप्पोलिटस सांगतो तें असें. कार्पोफोरस नांवाच्या ख्रिस्ती धन्यानें आपल्या या गुलामाला पेढी घालून दिली. धन्याच्या नांवावर भिस्त ठेवून विधवांनीं व धर्मबांधवांनीं तेथें ठेवी ठेविल्या. पेढी बुडाली. कॅलिक्स्टस बंदराकडे पळाला, जहाजावर चढला, आणि धनी पाठीवर आलेला दिसतांच त्यानें समुद्रांत उडी घेतली! खलाशांनीं त्याला वर काढलें. धन्यानें जात्याला जुंपलें. पुढें सुटका झाली, तर यहुद्यांच्या सभास्थानांत दंगा केल्याच्या आरोपावरून फटके बसले व सार्डिनिया बेटांतील खाणींत रवानगी झाली. बादशहा कॉमोडसची प्रिया मार्शिया हिनें तेथील ख्रिस्ती कैदी सोडविले, तेव्हां पोप व्हिक्टर यानें दिलेल्या यादींत त्याचें नांव नव्हतें. हुकूम घेऊन आलेल्या माणसाच्या पायां पडून तो सुटला.

वाचणाऱ्यास चरित्रनायकाची किळस यावी हाच यांत लेखकाचा हेतु. पण पेढी लबाडीनें बुडाली कीं कर्जदारांनीं बुडविली, हें सांगणारा दुसरा साक्षीदार नाहीं. आणि फिर्यादीची कैफियत निकालपत्र म्हणून वाचणें न्यायाचें नव्हे.

पोप झेफिरायनस यानें ह्याच माणसाकडे दफनभूमीची व्यवस्था सोंपविली, व त्याच्यामागून कॅलिक्स्टसच पोप झाला. हिप्पोलिटसच्या रागाचें मूळ बहुधा येथेंच आहे. ईश्वरस्वरूपाविषयीं दोघांत मतभेद होताच. त्यांत पांडित्य मागें पडून खाणींतला गुलाम पुढें गेला. हिप्पोलिटसनें वेगळी चूल मांडली.

गंमत अशी कीं, त्यानें दोष म्हणून जें नोंदलें तेंच आज कॅलिक्स्टसचें भूषण वाटतें. व्यभिचारासारखें घोर पातक केलेल्यांसही पश्चात्तापानंतर तो मंडळींत परत घेई. शेतांत गव्हाबरोबर निदणही वाढूं द्यावें, नोहाच्या तारवांत शुद्ध-अशुद्ध सारेच प्राणी होते, असे दाखले तो देई. उच्च कुळांतील स्त्रीनें गुलामाशीं लावलेला विवाह रोमन कायदा मानीत नसे. तो त्यानें मान्य केला. ज्याच्या पाठीवर फटक्यांचे वळ होते, त्याला हें सुचलें! पुढें २५१ सालीं, डेशियसच्या छळांत धर्म सोडलेल्यांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हां रोमनें क्षमेचीच वाट धरली.

२२२ सालीं कॅलिक्स्टस वारला. परंपरा त्याला हुतात्मा मानते. त्याला ऑरेलियन मार्गावर पुरलें. २३५ सालीं बादशहा मॅक्झिमिनसनें तेव्हांचा पोप पॉन्शियन आणि हिप्पोलिटस या दोघांना हद्दपार केलें, तेंही सार्डिनियालाच. दोघेही तेथेंच मेले. त्यांचीं शवें पुढें रोमला आणलीं गेलीं. पॉन्शियनला कॅलिक्स्टसच्या दफनभूमींत जागा मिळाली. त्याच्या थडग्याची शिला १९०९ सालीं सांपडली. हिप्पोलिटसला दुसऱ्या मार्गावर पुरलें. चर्चनें या दोघांचा स्मरणदिन १३ ऑगस्ट हा एकच ठेविला आहे. कॅलिक्स्टसचा १४ ऑक्टोबरला येतो.