पाणपक्ष्यांची पिसेकाढणी
शिकारीत मिळालेल्या रानबदक, कलहंस, हंस इ. पाणपक्ष्यांची पिसे उपटून, पोट साफ करून ते खाण्यायोग्य वा साठवण्यायोग्य करण्याची क्रिया. शिकारीच्या इतिहासात शस्त्रे, जाळी व शिकारी यांची जितकी नोंद झाली, तितकी या क्रियेची झालेली नाही. तथापि पक्षी कोठे, केव्हा व कोणाकडून साफ केला जातो, यावर त्याच्या मांसाचे आयुष्य, पिसांचा व्यापार आणि पुढे त्याच्या संरक्षणाचे कायदेही अवलंबून राहिले आहेत.

कार्यपद्धती : पाणपक्ष्यांच्या बाह्य पिसांखाली मऊ पिसांचा दाट थर असतो आणि शेपटीच्या बुडाशी असलेल्या तैलग्रंथीचा स्राव पक्षी चोचीने पिसांवर पसरवितो. त्यामुळे पाणी आत शिरत नाही व कोंबडीप्रमाणे नुसत्या गरम पाण्यात बुडवून ही पिसे सहज सुटत नाहीत. म्हणून ती पुष्कळदा कोरडीच काढतात. शरीरात ऊब असेपर्यंत हे काम सोपे जाते. पक्षी गार झाल्यावर पिसे घट्ट धरली जातात व ओढताना कातडी फाटते. प्रथम छातीची व पोटाची पिसे थोडी थोडी चिमटीत धरून काढतात. पंखांची मोठी पिसे एकेक करून ओढतात किंवा पंखच सांध्यापाशी तोडतात. उरलेली लव जाळावर धरून होरपळतात. विसाव्या शतकात वितळलेल्या पॅराफीन मेणात पक्षी बुडवून, थंड पाण्याने मेण गोठवून, पिसांसह ते सोलून काढण्याची रीत रूढ झाली.

त्यानंतर छातीच्या हाडाखाली छेद घेऊन आतडी व अन्नपुट काढतात. पेषणी चिरून तिच्यातील वाळू-खडे व आतील कठीण अस्तर टाकून देतात. काळीज, यकृत व पेषणी खाण्यासाठी ठेवतात. तैलग्रंथी राहिल्यास मांसाला उग्र वास येतो, म्हणून ती कापून टाकतात. पिसांच्या थरामुळे मृत पक्ष्याच्या शरीरातील उष्णता लवकर बाहेर पडत नाही. परिणामी उष्ण हवेत पोट लवकर साफ करावे लागते, तर थंड प्रदेशांत पक्षी पिसांसह काही दिवस टांगून ठेवता येतो.

ईजिप्त : या कामाची प्राचीन चित्रे ईजिप्तमध्ये आढळतात. थीब्झ येथील नख्त याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. १४००) दलदलीत जाळे टाकून पाणपक्षी पकडण्याचे दृश्य असून, त्याच्याच जवळ बसून पिसे उपटणारी व पक्षी चिरणारी माणसे, टांगलेले साफ पक्षी आणि साठवणीचे रांजण दाखविले आहेत. ईजिप्शियन लोक बदके व लहान पक्षी खारवून न शिजविताच खातात, असे हीरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने (इ. स. पू. पाचवे शतक) नमूद केले आहे. उष्ण हवेमुळे पकडणे, सोलणे व खारवणे या क्रिया एकाच जागी, पाठोपाठ कराव्या लागत.

हडसन उपसागराचा प्रदेश : कॅनडातील या प्रदेशात क्री लोकांच्या उपजीविकेत वसंत व शरद ऋतूंतील कलहंसांच्या शिकारीला मोठे स्थान होते. पुरुष शिकार करीत व पिसे काढण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असे. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीची ठाणी क्रींनी मारलेले कलहंस पिंपांत खारवून हिवाळ्याची बेगमी करीत. गाद्या-उशांसाठी पिसे व लेखण्यांसाठी पंखांची जाड पिसे इंग्लंडला जात. हंसांची तर मऊ पिसांसह कातडीच विकली जाई; १८५३–७७ या काळात कंपनीकडून अशी १७,६७१ कातडी विकली गेली. ट्रंपेटर हंसाच्या ऱ्हासाचे हे एक कारण मानले जाते.

बाजारी शिकार व कायदे : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रेल्वेमुळे परिस्थिती पालटली. चेसापीक उपसागरात होडीवर बसविलेल्या प्रचंड बंदुकींनी एका बारात अनेक बदके मारीत. थंडीच्या दिवसांत ती पिसांसह पिंपांत भरून बॉल्टिमोर, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथे पाठविता येत. सोलण्याचे काम शिकारीच्या जागेवरून शहरात गेले आणि हाताच्या गतीने शिकारीवर पडणारी मर्यादा नाहीशी झाली. कॅनव्हासबॅक या बदकाला विशेष भाव असल्याने त्याच्यासारखे दिसणारे रेडहेड बदक त्याच्या नावाने खपविले जाई. पिसे निघाल्यावर दोहोंतील फरक ओळखणे कठीण होते.

१९०० च्या लेसी कायद्याने राज्याचा कायदा मोडून मारलेल्या पक्ष्यांची आंतरराज्य वाहतूक निषिद्ध ठरविली. अमेरिका व (कॅनडाकरिता) ग्रेट ब्रिटन यांच्यात १९१६ मध्ये झालेल्या करारानुसार १९१८ चा स्थलांतरी पक्षी अधिनियम आला व वन्य बदकांची बाजारी विक्री बंद झाली. अमेरिकेच्या नियमांनुसार वाहतुकीत बदकाचे डोके किंवा पिसांसहित एक पंख शरीरावर राखावाच लागतो. कारण पूर्ण सोललेल्या पक्ष्याची जात ठरविता येत नाही व प्रत्येक जातीसाठी ठरविलेली मर्यादा निरर्थक होते. शिशाच्या छऱ्यांमुळे पाणपक्ष्यांना होणारी विषबाधा लक्षात घेऊन १९९१ पासून तेथे पाणपक्ष्यांच्या शिकारीत असे छरे वापरण्यास बंदी आहे.

तथापि १९१६ च्या करारातील बंद हंगामात क्रींची वसंतातील शिकारही येत होती. बाजारी शिकाऱ्यांमुळे झालेल्या कायद्याने, पक्षी विकण्यासाठी नव्हे तर खाण्यासाठी मारणारे लोक अपराधी ठरले. १९९५ च्या पूरक कराराने, जो १९९९ मध्ये अंमलात आला, कॅनडातील आदिवासींचा हा हक्क मान्य करण्यात आला.

भारत : भरतपूर (राजस्थान) येथील केवलादेव सरोवरावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारण्यात आले. अशा शिकारीत मारलेल्या पक्ष्यांची संख्या हाच प्रतिष्ठेचा विषय होता. अन्नाची गरज हा नव्हे. हे क्षेत्र १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे महाराष्ट्रासह भारतात रानबदकांची शिकार अवैध आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर यांसारख्या जलाशयांवर हिवाळ्यात उतरणारी तलवार बदके व थापट्या आता निरीक्षणाचा विषय आहेत. पिसेकाढणीचे कौशल्य येथे पाळीव बदकांपुरते उरले आहे.