लोहचुंबकत्व : उपपत्तीचा इतिहास

लोखंड, निकेल व कोबाल्ट हे धातू चुंबकाकडे जोराने ओढले जातात. तांबे, चांदी, ॲल्युमिनियम यांच्या बाबतीत मात्र असे घडताना दिसत नाही. हा भेद प्राचीन काळापासून परिचित असला, तरी त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण विसाव्या शतकातच मिळू शकले.

वैशेषिक सूत्रांत सुईच्या चुंबकाकडे होणाऱ्या गतीचे कारण ‘अदृष्ट’ मानले आहे. इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमन कवी ल्युक्रीशियस यांनी चुंबकातून बाहेर पडणारे कण मधली हवा दूर सारतात व त्या पोकळीत लोखंड खेचले जाते, अशी कल्पना मांडली. १६०० मध्ये इंग्लिश वैद्य विल्यम गिल्बर्ट यांनी आपल्या ग्रंथात प्रयोगांवर भर दिला. चुंबकाच्या सान्निध्यात लोखंड स्वतःच चुंबक बनते, तसेच लालभडक तापविलेले लोखंड आकर्षिले जात नाही, असे त्यांनी नोंदविले. त्यामुळे चुंबक लोखंडाला का ओढतो, या प्रश्नाचे स्वरूप बदलून लोखंड इतक्या सहजतेने चुंबक का बनते, असे झाले.

ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये विद्युत् प्रवाहाचा चुंबकसूचीवर होणारा परिणाम शोधून काढला. त्यानंतर अँपिअर यांनी द्रव्याच्या कणांतील सूक्ष्म विद्युत् प्रवाहांमुळे चुंबकत्व निर्माण होते, असे प्रतिपादन केले. १८४५ मध्ये फॅराडे यांना असे आढळले की, सर्वच पदार्थांवर चुंबकाचा काही ना काही परिणाम होतो; काही किंचित आकर्षिले जातात, तर काही किंचित प्रतिसारित होतात. ॲल्युमिनियमवरील आकर्षण लोखंडावरील आकर्षणाच्या मानाने लक्षावधी पटींनी दुर्बल असल्यामुळे ते सहसा लक्षात येत नाही.

प्येअर क्यूरी यांनी १८९५ मध्ये चुंबकत्व व तापमान यांचा संबंध पद्धतशीरपणे अभ्यासिला. विशिष्ट तापमानाच्या वर लोखंडाचे प्रबळ चुंबकत्व नाहीसे होते. हे तापमान लोखंडासाठी ७७०° से., निकेलसाठी सुमारे ३६०° से. व कोबाल्टसाठी सुमारे १,१२०° से. आहे. १९०७ मध्ये प्येअर व्हाइस यांनी असे गृहीत धरले की, लोखंडाच्या आत एक प्रचंड क्षेत्र असून ते अणुचुंबकांना एका दिशेत वळविते आणि लोखंडाचा तुकडा अशा अनेक सूक्ष्म प्रदेशांचा बनलेला असतो. या प्रदेशांच्या दिशा भिन्न असल्याने साधा खिळा एरवी चुंबकासारखा वागत नाही. चुंबक जवळ आणल्यास त्याच्या क्षेत्राला अनुकूल प्रदेश वाढतात, खिळ्याच्या जवळच्या टोकाशी विरुद्ध ध्रुव निर्माण होतो व आकर्षण घडते. पुढे बिटर यांनी १९३१ मध्ये चुंबकीय चूर्णाच्या साहाय्याने अशा प्रदेशांच्या सीमा दृश्य केल्या.

व्हाइस यांच्या उपपत्तीत एक अडचण मात्र राहिली. त्यांच्या क्षेत्राचे मूल्य सुमारे १,००० टेस्ला असावे लागत होते. शेजारच्या अणुचुंबकांचे परस्परांवरील बल त्यासाठी हजारपटीहून अधिक अपुरे होते. केवळ त्याच्या आधारे लोखंडाचे चुंबकत्व सामान्य तापमानाला टिकलेच नसते. याहून मूलगामी आक्षेप बोर यांच्या १९११ च्या व व्हान लेउवेन यांच्या १९१९ च्या प्रबंधांतून पुढे आला. अभिजात भौतिकीचे नियम काटेकोरपणे लावल्यास औष्णिक समतोलातील पदार्थाला चुंबकत्व असूच शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. घरोघरी आढळणाऱ्या चुंबकाचे अस्तित्वच त्या शास्त्राच्या चौकटीत बसत नव्हते.

ही कोंडी पुंजयामिकीने सोडविली. १९२५ मध्ये उलेनबेक व गाउडस्मिट यांनी इलेक्ट्रॉनाला परिवलन असते, असे सुचविले. लोखंडाचे चुंबकत्व मुख्यत्वे या परिवलनाशी निगडित आहे. १९२८ मध्ये हायझेनबेर्क व फ्रेंकेल यांनी स्वतंत्रपणे व्हाइस क्षेत्राचा उगम दाखवून दिला. पाउली यांच्या विवर्जन तत्त्वानुसार समान परिवलनाचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून दूर राहतात व त्यांच्यातील विद्युत् प्रतिसारणाची ऊर्जा कमी होते. मात्र परिवलने समांतर राखण्यासाठी काही इलेक्ट्रॉनांना अधिक गतिज ऊर्जेच्या अवस्थांत जावे लागते. बहुतेक धातूंत ही वाढ प्रतिसारणातील बचतीहून अधिक ठरते. लोखंड, कोबाल्ट व निकेल यांत बचत वरचढ होते. स्टोनर यांनी १९३८ मध्ये हा विचार धातूंतील मुक्तपणे संचार करणाऱ्या इलेक्ट्रॉनांना लागू केला.

यावरून व्हाइस यांनी कल्पिलेले क्षेत्र मुळात चुंबकीय नव्हतेच, हे स्पष्ट होते. ज्या बलाने इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात, त्याच विद्युत् बलाची परिणती अणुचुंबकांच्या एकदिश मांडणीत होते. पुरेशी उष्णता दिल्यास ही मांडणी मोडते; गिल्बर्ट यांच्या तापलेल्या लोखंडाने चुंबकाला प्रतिसाद का दिला नाही, याचा उलगडा असा तीन शतकांहून अधिक काळानंतर झाला.