हार्ड डिस्कचा इशारा पडद्यावर यावा म्हणून

हार्ड डिस्क निकामी होण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते. पण ती कुरकूर संगणकापुढे बसलेल्याच्या कानी पडेलच असे नाही. वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजासारख्या गावी एखाद्या फोटो स्टुडिओच्या संगणकातील डिस्क बसली, तर लग्नसराईची छायाचित्रे परत मिळविण्यासाठी मोठे शहर गाठावे लागते आणि खर्चही बराच येतो. शहरातील घरगुती संगणकाची गोष्ट फारशी वेगळी नाही. म्हणून लिनक्स वापरणाऱ्यांनी हा इशारा वेळीच पडद्यावर उमटेल, अशी सोय करून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही ठेवते. 'स्मार्ट' हे तिचे नाव. आयबीएमने १९९२ मध्ये आणि कॉम्पॅकने १९९५ मध्ये आणलेल्या योजनांतून ती आकाराला आली. नोंदी अनेक असल्या, तरी ५, १९७ आणि १९८ हे तीन क्रमांक ध्यानी ठेवावेत. खराब झाल्याने बदललेले सेक्टर, वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे सेक्टर आणि तपासणीतही न सुधारलेले सेक्टर, असा त्यांचा अनुक्रमे अर्थ. हे आकडे शून्यावरून वर चढू लागले, की सावध व्हावे.

लिनक्सवर ही नोंदवही वाचणारी 'स्मार्टमॉनटूल्स' ही मुक्त प्रणाली ब्रूस अ‍ॅलन यांनी २००२ मध्ये सुरू केली. गंमत म्हणजे ते भौतिकशास्त्रज्ञ. गुरुत्वीय लहरींच्या संशोधनासाठी जोडलेल्या शेकडो संगणकांच्या डिस्क सांभाळण्याच्या गरजेतून हे काम वाढले. ज्या 'लायगो' प्रकल्पाशी ते संशोधन निगडित, त्याच्या भारतीय वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिची जागा वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ आहे.

या प्रणालीतील 'स्मार्टडी' ही सेवा दर अर्ध्या तासाने डिस्क तपासते. खरी मेख पुढेच आहे. बिघाड आढळल्यास ती 'रूट' या व्यवस्थापकाच्या नावे ई-मेल धाडते, आणि घरच्या संगणकावर ती टपालपेटी कोणीच उघडत नाही. म्हणजे निरोप निघतो, पण पोहोचत नाही.

केडीई वापरणाऱ्यांना प्लाझ्मा ५.२० पासून, म्हणजे २०२० पासून, डिस्कच्या प्रकृतीची सूचना थेट पडद्यावर मिळू शकते. जीनोमची 'डिस्क्स' प्रणालीही सूचना देते. परंतु आपण निकामी होत असल्याचा निर्वाळा खुद्द डिस्कने दिल्यावरच. त्याआधीचा इशारा हवा असल्यास 'स्मार्टडी'च्या सेटिंग फाइलमध्ये 'एक्झेक' या पर्यायाने ई-मेलऐवजी स्वतःची छोटी स्क्रिप्ट चालविण्यास सांगावे. या स्क्रिप्टने 'नोटिफाय-सेंड' ही आज्ञा वापरून संदेश दाखवावा. येथे अनेकजण अडतात. सेवा रूटच्या नावाने चालते आणि पडदा मात्र लॉग-इन केलेल्या व्यक्तीचा असतो. तेव्हा ती आज्ञा त्या व्यक्तीच्या नावाने, तिच्या सत्राचा डी-बस पत्ता देऊनच चालवावी लागते. एरवी चौकट उमटतच नाही. अखेरीस 'टेस्ट' हा पर्याय तात्पुरता जोडून सेवा पुन्हा सुरू करावी. खोटा इशारा लगेच आला, म्हणजे तार जुळली. ही चाचणी टाळून मिळणारे समाधान फसवे असते. बाहेरून यूएसबीने जोडलेल्या डिस्कबाबत तर विशेष दक्षता हवी, कारण काही पेट्या या नोंदी पुढे जाऊच देत नाहीत.

तथापि इशारा आला नाही, म्हणजे डिस्क धडधाकट आहे, असे मानू नये. गुगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पटींनी वाढलेली दिसली. पण बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार नोंदींपैकी एकीतही चाहूल दिली नव्हती. त्यामुळे दुसऱ्या डिस्कवरील प्रतीला पर्याय नाही. इशारा आलाच, तर दुरुस्तीच्या आज्ञा चालवीत बसू नये. आधी महत्त्वाच्या फायली अन्यत्र उतरवून घ्याव्यात. दीर्घ चाचणी त्यानंतर.