मेंढी आणि भिडू

पत्त्यांचा नाद म्हणजे घराचा नाश, असे आमच्याकडे धुळे-जळगावची वडीलमंडळी म्हणत, आणि पोळ्याच्या दुपारी स्वतःच ओसरीवर मेंढीकोटाचा डाव मांडीत. वडिलांचा भिडू होऊन मी तो शिकलो.

या खेळाचे घराणे जुने. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. पुढे गंजिफेला दशावतारांचे रूप आले. सावंतवाडीला ती आजही रंगवितात. दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते. तीत हुकूम नाही, भिडू नाही. जो तो एकटा. पडलेले पत्ते ज्याच्या ध्यानात, त्याची सरशी.

मेंढीकोटात ५२ पत्ते, चौघे खेळणारे, समोरासमोरचे दोघे भिडू. चार दश्श्या, म्हणजेच मेंढ्या, घरी आणायच्या. पण दश्शीला गुलामही मारतो. म्हणून भिडूचा हात पक्का दिसला की तीवर टाकावी. स्मरणशक्ती इथेही लागते, पण ती दोघांसाठी.

एकदा वडिलांनी हुकमाचा एक्का टाकला, तरी मी हुकमाची दश्शी दडवून ठेवली. पुढे ती प्रतिपक्षाच्या राणीने नेली. वडील एवढेच म्हणाले, "पत्ते मोजलेस, भिडूला मोजले नाहीस."

आज ते नाहीत. वर्गात बुडालेल्या राज्यांचा इतिहास शिकविताना ते वाक्य मात्र हटकून आठवते.